खडूबाईचा टायर

टायर ही काही टेबलावर ठेवायची वस्तू नव्हे. तो भिंतीला टेकवावा, खुंटीला टांगावा, नाहीतर रस्त्यावर असावा. पण त्या सकाळी खडूबाई साहेबांच्या खोलीत शिरली, तेव्हा तिच्याच गाडीचा मागचा टायर टेबलाच्या काचेवर वर्तमानपत्र अंथरून मांडला होता. एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला भांडारकाका. आजाऱ्याच्या उशापायथ्याशी बसावं तसे दोघे बसले होते, आणि आजारी बापडा गप्प होता.

"बसा," साहेब म्हणाले.

"उभीच बरी. बसणं दिवसभर गाडीवर होतंच."

भांडारकाकांनी खिडकीबाहेर पाहिलं. टायर, साबण, हातमोजे, प्लॅस्टरच्या गोण्या असं सगळं त्यांच्या ताब्यात. काल संध्याकाळी खडूबाईनं हा टायर त्यांच्याकडेच दिला होता. खाचांच्या तळाशी रबराच्या बारीक उंचवट्याची एक खूण असते. नक्षी झिजून त्या खुणेला टेकली की टायर संपला. तो टेकला होता, म्हणून तिनं नवा मागितला होता. एवढीच काय ती गोष्ट.

साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. "सहा चालक, सहा गाड्या. पाच जणांचे मागचे टायर बारा हजार किलोमीटरच्या आत संपतात. त्या पोराचा, वाऱ्याचा, तर नऊ हजारांतच गेला. तुमचा बावीस हजार चारशे."

"हो."

"कसा काय?"

"जपून."

"जपून टायर थोडाफार जास्त चालतो, बाई. दुप्पट नाही चालत. दुप्पट कधी चालतो सांगू? गाडी निम्मीच फिरते तेव्हा."

साहेबांना येऊन तीन महिने झाले होते. आकड्यांवर त्यांचा फार जीव. माणूस समोर उभा असला तरी ते आधी पडद्यावर त्याचं नाव शोधत. ही दातांची लॅब. गावोगावचे दातांचे डॉक्टर रुग्णाच्या जबड्याची मापं घेतात. त्या मापांचे साचे इथे येतात, इथे कवळ्या होतात आणि परत जातात. ही ने-आण सहा मोटारसायकलींवर चाले. खडूबाईकडे घाटावरची फेरी होती. सात दवाखाने, रोजचे नव्वद किलोमीटर, अकरा वर्षं.

"घाटावरून बस खाली येते," साहेब म्हणाले. "ड्रायव्हरच्या हाती डबे दिले की झालं. गाडी झाडाखाली, आणि फेरी कागदावर."

"मीटर बघा की गाडीचं."

"मीटर पुढे ढकलता येतं. मलाही माहिती आहे."

"मला नव्हतं माहिती," खडूबाई म्हणाली. "आज कळलं."

भांडारकाकांना खोकला आला. साहेबांनी टायरच्या आतून एक कागद तिच्यापुढे सरकवला. टाईप केलेला, चार ओळींचा. माझ्याकडून वेळोवेळी फेऱ्या पूर्ण झालेल्या नाहीत, हे मी मान्य करते. खाली सहीसाठी रेघ.

"सही करा. बाहेर बोभाटा होणार नाही. पगार तोच. उद्यापासून तुम्ही पूर्वीसारख्या प्लॅस्टर विभागात, आणि घाटाची फेरी वाऱ्याला."

खडूबाईनं कागद दोनदा वाचला. मग सहीच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "रेघ छान मारलीय. पण माझी सही इथे बसायची नाही."

*

प्लॅस्टर विभाग म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. सहा वर्षं तिनं तिथे मापांची तबकं घासली होती. वाळलेलं प्लॅस्टर नखांच्या कडेनं आत शिरतं, आणि हात कितीही धुतले तरी म्हातारे दिसतात. नवरा काविळीनं गेला तेव्हा तिशी नुकतीच ओलांडली होती. त्याची मोटारसायकल अंगणात उभी राहून गंजत होती. शेजारचा भंगारवाला दर आठवड्याला हळहळायला यायचा आणि हळहळता हळहळता गाडीची चाकं दाबून बघायचा.

शेवटी नणंद वैतागली. नणंद शाळेत शिक्षिका, बिनलग्नाची, भावाच्या माघारी वहिनीच्याच घरात राहिलेली. "एक तर वीक नाहीतर चालव," ती म्हणाली. "मेला भंगारवाला गाडीभोवती घारीसारखा फिरतोय."

मग सुट्टीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर वहिनी गाडीवर आणि नणंद मागे पदर खोचून धावतेय, असा कार्यक्रम महिनाभर चालला. वाकडीतिकडी का होईना, गाडी चालू लागली. पुढे एकदा भर दुपारी घाटाच्या फेरीवाल्यानं नोकरी सोडली. वरच्या गावात रुग्ण खुर्चीत बसून होता आणि त्याची कवळी लॅबच्या टेबलावर. हात पुसत खडूबाई पुढे झाली आणि म्हणाली, "मी जाते."

सगळे हसले. "बाईच्या हातात गाडी म्हणजे दोन महिन्यांत भंगार," असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते तिला पक्कं आठवत होतं. पण तो माणूस आता निवृत्त झाला होता, आणि दिसला की तीच आधी नमस्कार करायची.

पहिल्या दिवशी तिचा घोळ झालाच. पक्की कवळी करण्याआधी दात मेणात बसवून रुग्णाच्या तोंडात लावून बघतात. ते मेणातले दात घाटाच्या खड्ड्यांत हलले. डॉक्टरांचा फोन आला. लॅबमध्ये दात बसवणारे मास्तर फार जुने, फार तापट. त्यांनी तिला बोलावून घेतलं.

"हा समोरचा दात केसभर हलला ना, की माणूस 'स' म्हणायला जातो आणि शिट्टी वाजते. चारचौघांत. तू काय दगड नेतेस का?"

"नाही."

"मग असं चालव, की तू ब्रेक दाबलास हे दातांना कळता कामा नये."

तेवढं एक वाक्य तिनं गाठीला बांधलं. वळण दिसलं की शंभर पावलं आधीच मूठ सैल सोडायची. उतार इंजिनाच्या जोरावर उतरायचा, ब्रेक नुसता सोबतीला. निघताना गाडी उडवायची नाही, नव्या सुनेनं उंबरा ओलांडावा तशी हलवायची. सहा महिने दात शाबूत पोचले आणि मग एक दिवस भांडारकाकाच म्हणाले, "अगं, तुझा टायर संपत कसा नाही? बाकीच्यांना दुसरा देऊन झाला."

तेव्हा तिला कळलं, की दात वाचवता वाचवता टायरही वाचला होता. आणि कळल्यावर मात्र तिला चेव चढला.

पहाटे गाडी गार असताना ती हवा मोजू लागली. चालून गरम झालेल्या टायरची हवा खोटी बोलते, हे तिनं स्वतःच शोधून काढलं. नणंद शाळेतून खडूचे तुकडे आणायची. त्यातल्या एकानं ती मागच्या टायरवर आडवी रेघ ओढायची, गल्लीच्या टोकापर्यंत सरळ जायची आणि उतरून बघायची. रेघ मधेच पुसली असेल तर हवा जास्त. कडांना पुसली असेल तर कमी. सगळीकडून सारखी पुसली की ती निघायची. गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव खडूबाई पाडलं. ते लॅबपर्यंत कधी पोचलं ते कळलं नाही, पण पगाराच्या यादीतलं नाव तेवढं पगाराच्या यादीतच राहिलं.

मास्तरांनी दात तपासायची एक वाकडी सळई टाकून दिली होती. तिनं ती मागून घेतली. संध्याकाळी पायरीवर बसून ती टायरच्या खाचांत रुतलेले खडे त्या सळईनं एकेक करून काढायची. नणंद वह्या तपासता तपासता म्हणायची, "दात कोरून कुणाचं पोट भरलंय का?"

"माझं नाही भरत. टायरचं राहतं ना रिकामं," खडूबाई म्हणायची.

*

"हात दाखवून अवलक्षण झालं," त्या दिवशी घरी आल्यावर ती म्हणाली. "एखादा टायर फाडून टाकला असता तर साहेबानं शाबासकी दिली असती."

नणंदेनं लाल पेन खाली ठेवलं. "तू सही नाही ना केलीस?"

"नाही केली, वन्सं."

"मग रडतेस कशाला?"

"रडतेय कुठे? धूळ आहे घाटाची." मग जरा थांबून ती म्हणाली, "पगार तोच म्हणाले. पण अकरा वर्षं मी रोज सकाळी घाट चढतेय. आता परत ती तबकं घासू? आणि वर चोर म्हणवून घेऊन?"

नणंद उठली, फडताळातून एक पत्र्याचा डबा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "हे दाखवलंस का?"

डब्यात गुलाबी मेणाच्या चपट्या फुल्या होत्या. लॅबमध्ये उरलेलं मेण खडूबाई घरी आणायची. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, ते कोमट करून हवा भरायच्या नळीजवळ, दोन खाचा एकमेकींना छेदतात त्या एकाच जागी दाबायची आणि काढून ठेवायची. खाच जेवढी खोल, तेवढी फुली उंच. प्रत्येक फुलीवर सुईनं तारीख कोरलेली. दातांचं माप जसं घेतात, तसं तिनं टायरचं घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

"अगं, माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी तू पंधरा दिवस रजेवर होतीस," नणंद म्हणाली. "गाडी कोण चालवत होतं?"

खडूबाईनं डब्यात बोटं घातली. त्या महिन्याची एक फुली तिनं रजेच्या आधी घेतली होती आणि एक परत आल्यावर. तेव्हा रागानं घेतली होती, हे तिला आठवलं. वाऱ्यानं गाडीचे काय हाल केले ते बघायला.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला. मास्तरांनाही बोलावून घेतलं. मेण मोजायची त्यांची बारीक मोजपट्टी मिलिमीटरचा दहावा भागही सांगायची. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक फुली मोजली.

"ही पूर्ण महिन्यात सहा दशांश उतरलीय. ही पण सहा. ही... सात. हं. आणि हे पंधरा दिवसांत नऊ दशांश!"

"ते वाऱ्याचे पंधरा दिवस," खडूबाई म्हणाली. "तीच गाडी, तोच टायर, तोच घाट. मी महिन्यात झिजवते त्याच्या दीडपट त्यानं पंधरवड्यात झिजवला. टायर किलोमीटरनं झिजत नाही साहेब, हातानं झिजतो."

साहेबांनी फुल्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे," ते म्हणाले, "वाऱ्या रोज खरोखर घाटावर गेला. आणि एरवी गाडी जातच नाही. हे तर तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत!"

मास्तर मोजपट्टी मिटून म्हणाले, "शाबास. दात दुखतो तो सोडून शेजारचा उपटला."

आपलेच दात, आपलेच ओठ. डबा आपला, फुल्या आपल्या, आणि त्याच आता खडूबाईला चावत होत्या. मग तिनं हात पुढे केला. "तो कालचा कागद द्या."

साहेबांनी खणातून कागद काढला, पेन पुढे केलं. खडूबाईनं कागद पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलं: चार.

"हे काय?"

"नवा टायर द्या. पंधरा दिवस माझ्या मागे बसा. मी जाते की नाही ते डोळ्यांनी बघा. पंधरा दिवसांनी मास्तर फुली मोजतील. एरवी माझी तीन दशांश उतरते. मागे माणूस असेल तर ओझं वाढतं, म्हणून चार. पाच झाली, तर कागदाच्या त्या बाजूला मी सही करीन, आणि तबकं घासायला जाईन. दोन्ही बाजू तुमच्याकडेच ठेवा."

"मला पंधरा दिवस वेळ नाही."

"मग आरोपाला बरा वेळ होता."

भांडारकाकांनी घसा खाकरला. "पहिल्या दिवशी साहेब बसतील," ते म्हणाले. "उरलेले दिवस मी बसतो. नव्या टायरच्या पावतीवर सही माझी." एवढं बोलून तेच दचकले. तीस वर्षांत वरून हुकूम आल्याशिवाय त्यांनी कुठल्याच पावतीवर सही केली नव्हती.

*

पहिल्या सकाळी साहेब बूट चकाकवून आले. खडूबाई रेघ ओढून, तपासून, पंप मारत बसली होती.

"हवा कमी होती?"

"माझ्यापुरती बरोबर होती. आता तुम्ही आहात. चार पौंड जास्त लागेल." तिनं साहेबांना वरून खालपर्यंत पाहिलं. "उद्या काका आहेत. सहा लागेल."

नव्या टायरची वरची कातडी गुळगुळीत असते. म्हणून पहिले शंभर किलोमीटर खडूबाई वळणावर गाडी अजिबात झुकवत नसे. साहेबांना घाटात हळू वाटलं. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, दोन दूधवाले गेले, शाळेची बससुद्धा पुढे गेली. "आपण पोचणार ना आज?" त्यांनी विचारलं. पहिल्या दवाखान्यापाशी दोघं पोचले ते पुढे गेलेल्या दूधवाल्यांपेक्षा फक्त चार मिनिटं उशिरा. दवाखान्यातली नर्स घड्याळाकडे न बघता म्हणाली, "साडेनऊ झाले वाटतं. खडूबाई आली."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊच होते.

सात दवाखाने झाले. संध्याकाळी लॅबच्या फाटकात साहेब उतरले ते पाय फाकवूनच आत गेले. कुणाशी बोलले नाहीत. पण फेरी होते की नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून पुन्हा निघाला नाही. आता उरला होता आकडा. बघितलेलं त्यांना पुरत नसे, त्यांना मोजलेलंच लागे.

भांडारकाकांचं बसणं म्हणजे गोणी बसवणं. पहिले दोन दिवस त्यांनी डोळे मिटून घेतले, तिसऱ्या दिवशी एक उघडला. पाचव्या दिवशी ते मागून सूचना द्यायला लागले.

"मूठ सोड, मूठ सोड, वळण आलं."

"काका, सोडून झाली. तुम्हाला आवाज येत नाही म्हणून वाटत नाही."

"तीस वर्षं टायर दिले गं मी. एकदाही टायरवर बसलो नव्हतो." मग थोड्या वेळानं, "उंटावरून शेळ्या हाकल्या."

अकराव्या दिवशी घाटाच्या उतारावर, दगडाच्या खाणीजवळ, एक कुत्रं आडवं आलं. समोर कुत्रं, मागे काका, पेटीत चार कवळ्या. खडूबाईनं दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक जाम झालं आणि किंकाळी मारत घसरलं. कुत्रं शेपूट घालून खाणीत पळालं. गाडी उभी राहिली.

खडूबाई उतरली. रस्त्यावर दोन हातभर काळा पट्टा उमटला होता. ती त्याच्याशेजारी बसली आणि त्यावर बोट फिरवलं. बोट काळं झालं. मग तिनं चाक हातानं फिरवलं. एका जागी रबर खरवडल्यासारखं सपाट झालं होतं.

"दात बघ आधी," काका म्हणाले.

तिनं पेटी उघडली. दात जागच्या जागी होते.

"मग झालं तर. नळीची जागा पार दुसरीकडे आहे. फुली तिथेच घ्यायची ना? मी बोलणार नाही, कुत्रं बोलणार नाही."

"टायर बोलेल ना, काका."

पुढचे चार दिवस तिनं काही वेगळं केलं नाही. हळूही गेली नाही. वाऱ्या एकदा फाटकाशी भेटला. अंगानं सडपातळ, कायम घाईत, हेल्मेट काढायलाही वेळ नसलेला. त्याला सगळं कळलं होतं.

"बाई, मी मागितली नव्हती तुमची फेरी," तो म्हणाला.

"माहितीये."

"आणि तुमचा टायर मी मुद्दाम नाही खाल्ला. मला शहरातली फेरी. पाऊण तासात तीन दवाखाने. एकाला दहा मिनिटं उशीर झाला की ते लॅबला फोन करतात, आणि लॅब मला. मूठ सैल सोडायला रस्ता लागतो मोकळा, आणि..." तो बोलता बोलताच गाडी चालू करून गेला. त्याच्या टायरनं फाटकात मूठभर खडीचं कारंजं उडवलं.

खडूबाई त्या खडीकडे बघत राहिली. अकरा वर्षांत ही गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. ती सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगून मोकळी झाली होती, साडेनऊला येईन, आधी नाही. तिला तेव्हा कुणी फार हिशेबात धरलं नव्हतं, म्हणून ते खपलं. वाऱ्याला हिशेबात धरलं होतं.

*

सोळाव्या दिवशी साहेबांच्या खोलीत गर्दी झाली. मास्तर, काका, आणि दारात वाऱ्यासह पाचही चालक. नणंद शाळा बुडवून आली होती आणि पाहुणीसारखी खुर्चीत बसली होती. "मी नात्यानं नाही, खडू पुरवणारी म्हणून आलेय," तिनं आल्या आल्या सांगून टाकलं.

गाडी खिडकीखाली उभी होती, म्हणून मोजणीसाठी आधी सगळे खाली तिच्याभोवती जमले. पहिल्या दिवशीची फुली मास्तरांच्याच ड्रॉवरमध्ये कुलपात होती. खडूबाईनं मेण कोमट केलं, नळीजवळच्या खाचेत दाबलं आणि दुसरी फुली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. स्वतः मागे झाली.

मास्तरांनी दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा साहेबांना मोजायला दिलं.

"चार," साहेब म्हणाले. मग पुन्हा, स्वतःशीच, "चार."

चालकांतल्या कुणीतरी शीळ घातली.

"थांबा," खडूबाई म्हणाली. तिनं चाक अर्धं फिरवलं. "इथे पण मोजा."

भांडारकाकांनी कपाळावर हात मारून घेतला. तिनं सपाट झालेल्या जागेच्या खाचेतून तिसरी फुली घेतली. ती सहा निघाली.

"ही सहा कसली?" साहेबांनी विचारलं.

"कुत्र्याची." तिनं सगळं सांगितलं. "एक कुत्रं, दोन हात रस्ता. पंधरा दिवसांत मी एकदा जोरात ब्रेक दाबला, तो हा. असे रोज वीस वेळा दाबले की नऊ हजारांत टायर जातो. यात माझी जादू नाही, आणि चोरीही नाही."

"हे तुम्ही दाखवलं नसतं तर मला कळलंही नसतं."

"तुम्हाला कशाला? टायर माझा आहे."

सगळे वर आल्यावर साहेब खुर्चीत टेकले. मग त्यांनी खणातून तो कागद काढला. एका बाजूला चार ओळी, दुसऱ्या बाजूला 'चार'. कागद फाडायला त्यांनी दोन्ही हातांनी धरला.

"फाडू नका," खडूबाई म्हणाली. "अजून काम आहे त्याचं."

"फेरी तुमचीच राहील. मी सांगतोय ना."

"माझीच होती. ती तुम्ही दिलेली नाही, म्हणून परतही देऊ नका. पण तुमच्या त्या पडद्यावर माझ्या नावापुढे काय लिहिलंय?"

नणंद उठली, चष्मा सारखा केला आणि पडद्यावरचं मोठ्यानं वाचलं, वर्गात वाचावं तसं. "फेऱ्या संशयास्पद."

"ते आधी पुसा," खडूबाई म्हणाली. "आणि या कागदावरच्या चार ओळींवर सगळ्यांसमोर रेघ मारा. खाली तुमची सही. मग तो फलकावर लावा."

"मी चांगल्या शब्दांत दुसरं पत्र देतो. आदर्श चालक म्हणून फोटो लावू. सगळ्यांना तुम्ही शिकवा. सगळ्यांचे टायर वीस हजार चालले पाहिजेत, असा नियमच करू."

दारातले पाचही चेहरे एकदम पडले. वाऱ्यानं मान खाली घातली. खडूबाईनं त्याच्याकडे पाहिलं.

"शिकवीन," ती म्हणाली. "खडू वन्सं देतील. पण नियम करायचा तर आधी घड्याळाचा करा. वाऱ्याला पाऊण तासात तीन दवाखाने लावायचे, आणि वर टायर वीस हजार मागायचा? त्याची फेरी सव्वा तासाची करा. डॉक्टरांना सांगा तुम्ही. आमच्या टायरवर त्यांची घाई नको."

"ते इतकं सोपं नसतं."

"माझ्या मागे बसणंही सोपं नव्हतं. बसलात ना?"

मास्तर हसले. त्यांना हसताना लॅबमध्ये फारसं कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे सगळे त्यांच्याकडेच बघू लागले. त्यांच्या स्वतःच्या तोंडात तीन दात नव्हते.

साहेबांनी पडद्यावरचे ते दोन शब्द पुसले. मग पेनाचं टोपण काढलं आणि कागद सरळ केला. त्यांचा हात क्षणभर वर राहिला. खिडकीखाली गाडी उभी होती, आणि तिच्या मागच्या चाकावर सकाळच्या खडूचा अगदी पुसट अंश राहिला होता. सारखा, कडेपासून कडेपर्यंत.

"सरळ मारा, साहेब," खडूबाई म्हणाली. "वाकडी आली तर हवा कमी आहे समजतात."

त्यांनी रेघ मारली. खाली सही केली. खडूबाईनं कागद घेतला, चारही ओळी नीट कापल्या गेल्यात की नाही ते उजेडात धरून पाहिलं आणि तो भांडारकाकांच्या हातात दिला. फलकाच्या टाचण्या त्यांच्याकडेच असत.

मग तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेआठ. पहिला दवाखाना साडेनऊला. तिनं पेटी उचलली आणि जिना उतरली. आज काका मागे नव्हते, म्हणून गाडीशी बसून तिनं नळीची टोपी काढली आणि सकाळी सवयीनं त्यांच्यासाठी भरलेली सहा पौंड हवा सोडून दिली. ती फुस्स करून गेली. मग खिशातून खडू काढून तिनं रेघ ओढली.